उंबऱ्याखालचा बाळू

जाळीची पिशवी पाण्यातून वर आली ती हलकीच लागली, तेव्हा सुमेधाला आधी वाटलं, चुकून दुसरीच पिशवी उचलली. तिने टबात पुन्हा हात घातला. बाकीच्या पिशव्या होत्या तिथेच होत्या. त्यांत खापरं होती, मातीच्या विळ्याचा एक तुकडा होता, वाडग्याचा काठ होता, आणि सगळं बोटांना टणक लागत होतं. मग तिने ती पहिली पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. जाळीच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढी माती अडकली होती. ती बघत असतानाच तीही घसरली आणि टबात पडली. टबातल्या पाण्याचा चहा झाला होता.

तळघरात ओल्या मातीचा वास सुटला होता, आणि तो वास तिच्या चांगला ओळखीचा होता. मागच्याच रविवारी ॲडम्सटाउनच्या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी शाडूचा गणपती बादलीत सोडला होता, तेव्हा हाच वास आला होता. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी यामिनी ती बादली अंगणातल्या जाळीवर उपडी करायला निघाली, तर नवरा, विवेक, आतून ओरडला होता, "गटारात नाही गं, झाडाला घाल." सुमेधाला ते आत्ताच का आठवावं, कोण जाणे. ती रिकामी पिशवी हातात धरून उभी राहिली.

न भाजलेली माती पाण्यात विरघळते हे कळायला आर्किऑलॉजीत एम.ए. करावं लागत नाही. ज्या घरात दर वर्षी गणपती बुडतो, त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. सुमेधाने एम.ए. केलं होतं आणि गणपतीही दर वर्षी स्वतःच्या हाताने बुडवला होता. तरीसुद्धा जवळजवळ तीन हजार वर्षं शाबूत राहिलेला एक मातीचा कुत्रा तिने काल दुपारी, पूर्ण शुद्धीत, पिशवीत घालून पाण्यात सोडला होता.

हे तळघर डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या पुढे, लिफी नदीच्या काठावरच्या एका जुन्या दगडी घराचं. घराचं आता छोटं संग्रहालय झालं होतं. वर जुनं फर्निचर, तसबिरी आणि चहा-केकचं दुकान, आणि खाली तळघरात डॉक्टर टायननच्या पेट्या. हा डॉक्टर पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर इराकात, बसऱ्याला, गेला आणि येताना, इतर लोक गालिचे आणतात तशी, पेट्या भरभरून खापरं घेऊन आला. त्या फौजेत आपल्याकडचेही पुष्कळ शिपाई होते, पण ते काही घेऊन परतण्याच्या परिस्थितीत नव्हते. डॉक्टर मेला, पेट्या माळ्यावर राहिल्या, आणि शेवटी त्याच्या नातीने त्या संग्रहालयाला देऊन माळा मोकळा केला.

तिकडच्या जमिनीत मीठ फार. ते भाजलेल्या मातीत मुरलेलं असतं, आणि आयर्लंडच्या दमट हवेत ते फुलून बाहेर येतं. मग भांड्यांचे पापुद्रे सुटायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे भिजत घालायचं, पाणी बदलायचं, परत भिजत घालायचं, असं मीठ उतरेपर्यंत करत राहायचं. हे काम कंटाळवाणं, आणि संग्रहालयाजवळ त्यासाठी माणूस नव्हतं. सुमेधा होती. आठवड्यातले दोन दिवस ॲडम्सटाउनहून बस पकडून ती इथे यायची, एप्रन बांधायची आणि टबाजवळ बसायची. तिला कोणी पैसे देत नव्हतं आणि तिने कधी मागितलेही नव्हते. तिच्या लेखी तो आठवड्यातला चैनीचा भाग होता.

तिचं काय झालं होतं ते थोडक्यात सांगता येतं, कारण फारसं काही झालंच नव्हतं. पुण्यात असताना तिने मेसोपोटेमियाची, म्हणजे जुन्या इराकची, मातीची भांडी हा पीएच.डी.चा विषय घेतला होता. मातेरं चाळायचं तर निदान नर्मदेकाठचं तरी चाळ, असं तिचे वडील म्हणाले होते. ती भांडी तिने कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. पुस्तकांतल्या चित्रांवरून तिला ती पाठ होती. प्रबंध निम्मा झाला आणि लग्न झालं. विवेकला डब्लिनची नोकरी मिळाली. तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना इथे कामाची परवानगी नसे. ती मिळेपर्यंत यामिनी झाली, यामिनी शाळेत जाईपर्यंत पुण्याचे गाईड सर गेले, आणि पुढे प्रबंधाचा विषय निघाला की विवेकच हळूच बोलणं दुसरीकडे वळवायचा. ते तो चांगल्या मनाने करायचा. मग पाळणाघरात काही वर्षं, एका दुकानाच्या तयार खाण्याच्या काउंटरवर सँडविच भरण्यात काही वर्षं. कोणी विचारलं तर ती सांगे, "आय ॲम ॲट होम." ते सांगताना तिच्या आवाजात काहीही नसे.

म्हणून ती जागा निघाली तेव्हा तिची झोप उडाली होती. संग्रहालयाला अनुदान मिळालं होतं आणि पेट्यांसाठी एक अर्धवेळ माणूस नेमायचं ठरलं होतं. पगाराचं, टेबल-खुर्चीचं, गळ्यात नावाची पट्टी घालून करायचं काम. व्यवस्थापक ग्रॉन्या तळघरात येऊन म्हणाली होती की जाहिरात द्यावी लागेल, मुलाखत घ्यावी लागेल, पण तुला काळजीचं काही कारण नाही. मुलाखत येत्या मंगळवारी होती. सुमेधाने राखाडी ब्लेझर घेतला होता. आरशासमोर उभी राहून "माय नेम इज सुमेधा" हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की जिन्यातून जाताना यामिनीने तिला इंग्रजीत सांगितलं, आई, ते तुझं नाव आहे, ते तू विसरणार नाहीस.

मुलाखतीत सांगायला तिला एक गोष्ट हवी होती: डॉक्टर टायननच्या सगळ्या पेट्या आपण उपसल्या, सगळ्याचं मीठ काढलं. शेवटची एकच पेटी राहिली होती. ती तिने काल उघडली.

पेटीत तळाशी, जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तो कुत्रा होता. हाताच्या तळव्यावर मावेल एवढा. चार पायांवर घट्ट उभा, छाती पुढे, शेपूट पाठीवर वळलेलं. एक कान ताठ होता, दुसरा मुळापासून उडालेला. अंगभर मिठाचा पांढरा थर, आणि पोटाखाली काळा डाग. सुमेधाला तो काय आहे हे बघताक्षणी कळलं. अशी मातीची कुत्री जुन्या मेसोपोटेमियात घराच्या उंबऱ्याखाली पुरत, म्हणजे बाहेरचं वाईटसाईट आत येत नाही. पुस्तकात तिने त्यांची चित्रं पाहिली होती. प्रत्यक्षातला कुत्रा चित्रापेक्षा बावळट होता. मान थोडी वाकडी करून तो तिच्याकडे बघत होता, आणि तिला एकदम विदर्भातल्या उत्खननाच्या कॅम्पवरचा बाळू आठवला. तो खरा कुत्रा होता. विद्यार्थ्यांनी धुऊन, चौकोनाचौकोनांत मांडून वाळत घातलेल्या खापरांवर ऐन दुपारी जाऊन झोपायचा. सरांनी त्याला हाकलून हाकलून शेवटी एक चौकोन त्याच्या नावाने सोडून दिला होता.

काल रात्री जेवताना तिने घरी सांगितलं होतं. पोळी हातात तशीच धरून ती कुत्र्याचं वर्णन करत होती. विवेक ऐकता ऐकता फोन बघत होता, पण यामिनीने विचारलं होतं, त्याला नाव आहे का. सुमेधा म्हणाली होती, "बाळू." यामिनी खूप हसली होती. त्या वेळी बाळू तळघरातल्या टबात हळूहळू सुटत असणार.

चूक कशी झाली, ते सुमेधाला आता, रिकामी पिशवी हातात घेऊन उभं असताना, लख्ख दिसत होतं. माती भाजलेली आहे की कच्ची, हे ओळखायच्या दोन रीती तिला शिकवलेल्या होत्या. एक, नखाने वाजवायचं. तिची आई माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची, तसंच ते. दुसरी, जिभेला लावायचं. भाजलेलं असेल तर जीभ नुसती चिकटते. कच्चं असेल तर तोंडात चिखल येतो. कॅम्पवर सगळे करायचे, सरही करायचे, आणि पहिली रीत फसवते, दुसरी फसवत नाही, असं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे.

इथे पहिल्याच आठवड्यात सुमेधाने एक खापर उचलून सवयीने जिभेला लावलं होतं, आणि नेमकी ग्रॉन्या जिन्यात उभी होती. ती चिडली नाही. ती हसत सुटली, आणि वर जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं. पुढे कितीतरी दिवस चहाच्या वेळी सुमेधापुढे बिस्किटांची बशी सरकवून कोणी ना कोणी म्हणायचं, हे घे, म्हणजे तू आमचं कलेक्शन खाणार नाहीस. त्यात वाईट काही नव्हतं. इथे थट्टा ही आपलं मानल्याची खूण असते, हे सुमेधाला एव्हाना कळत होतं. तीही हसायची. पण त्या दिवसानंतर तिने एकही खापर तोंडाजवळ नेलं नाही. हातमोजे घालून काम करणाऱ्या, नीट, इकडच्यासारख्या बाईसारखी ती काम करायला लागली.

काल कुत्र्यावर तिने नखाने वाजवून पाहिलं होतं, हातमोज्यातून. मिठाचा थर कडक असल्यामुळे आवाज बरा आला. पोटाखालचा काळा डाग तिने भट्टीच्या धुराचा धरला. तरी मनात एक बारीक शंका होती. तळघरात दुसरं कोणी नव्हतं. कुत्रा तिने ओठांपर्यंत नेलासुद्धा. मग जिन्याकडे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं, पण मंगळवारी मुलाखत होती, आणि तिला वाटलं, आता या वयात हे चाटणंबिटणं पुरे. ती स्वतःशीच हसली आणि तिने त्याला पिशवीत घातलं. वस्तू धुऊन झाल्यावर तिचा फोटो काढायचा असतो. त्यामुळे तोही नव्हता.

तिने हात पुसले आणि विवेकला फोन लावला. तो ऑफिसात होता. तिने काय झालं ते सांगितलं. आधी तो मीटिंगमधून बाहेर आल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"कोणी पाहिलाय का तो कुत्रा?"

"डॉक्टर टायननने पाहिला असेल. शंभर वर्षांपूर्वी."

"सुमे, आय ॲम सिरियस. ग्रॉन्याला माहितीये का, त्या पेटीत काय होतं ते?"

"नाही. मीच उघडली काल."

"मग प्रॉब्लेम काय आहे? सिंकमध्ये ओत आणि मोकळी हो. मंगळवारी इंटरव्ह्यू आहे तुझा. एका मातीच्या कुत्र्यासाठी घालवणार आहेस का?"

"तो होता, विवेक."

"हो गं, होता. आता नाहीये. बघ, जे गेलं ते गेलं. तू काय जीव घेतलास का कोणाचा?"

विवेक वाईट माणूस नव्हता. त्याला बायकोचं भलं हवं होतं आणि ते त्याला तिच्याआधी स्पष्ट दिसत होतं, एवढंच. सुमेधालाही ते पटलं. फोन ठेवून तिने टबातल्या बाकीच्या पिशव्या काढून ताटात मांडल्या आणि टब दोन्ही हातांनी उचलून सिंकच्या काठावर टेकवला. आता फक्त तिरपा करायचा होता.

आणि तिचा हात चालेना. त्यात थोरपणा काही नव्हता. खरं बोलावं, प्रामाणिक असावं, असलं तिच्या डोक्यातही आलं नाही. असलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, एवढंच तिच्या हातांना लहानपणापासून माहीत होतं, आणि हात ऐकेनात. झाडाला घालावं म्हटलं तर हे संग्रहालयाचं. घरी न्यावं तर ती चोरी. ठेवावं तर कोणीतरी विचारणार. टब सिंकच्या काठावर धरून ती तशीच उभी राहिली. तिच्या दंडांना कळ लागली तरी तिला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

ग्रॉन्या दोन मग घेऊन खाली आली ती अशा वेळी. पाण्याचा रंग बघून तिने सहज विचारलं की हे सगळं मिठाबरोबर निघालं का. हो म्हणायची ती अगदी सोपी, सरळ जागा होती. सुमेधाने टब खाली ठेवला आणि सांगून टाकलं. इंग्रजीत सांगताना ते सगळं फारच लहान झालं. पेटी, कुत्रा, कच्ची माती, पाणी. कुत्रा हा शब्द ऐकताच ग्रॉन्या हसली होती, मग तिने दोन्ही मग टेबलावर ठेवले आणि ती स्टुलावर बसली.

तिने टबात वाकून पाहिलं. मग तिने विचारलं, फोटो? सुमेधाने नकारार्थी मान हलवली. ग्रॉन्याने विचारलं, पण तू चाटून नाही का पाहिलास? सुमेधा एप्रनला हात पुसत राहिली. ग्रॉन्या म्हणाली, खरं सांगू, मला वाटायचं, मी वर गेले की तू चाटून बघतच असशील. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्याकडे एक बाई आहे, तिची जीभ मशीनपेक्षा खरी.

ते ऐकून सुमेधा खाली बसली. तिने मनाई समजून जे सोडलं होतं, ते कोणी सोडायला सांगितलंच नव्हतं. ते तिने आपणहून, शहाणपणाने सोडलं होतं. आणि आता दोष द्यायला तिच्याजवळ दुसरं कोणी उरलं नाही.

ग्रॉन्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "यू आर ग्रँड," ती म्हणाली, "यू आर ग्रँड, सुमेधा." इथे हे शब्द, म्हणजे ठीक आहे, काही बिघडलं नाही, दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतात. दारात वाट दिली तरी म्हणतात, चहा नको असला तरी म्हणतात. सुमेधाला त्यांचा आणखी एक अर्थ आज कळला.

दोघींनी मिळून टबातलं पाणी निवळू दिलं, तळाचा गाळ कापडावर घेतला आणि वाळत ठेवला. वाळल्यावर तो मुठीएवढासुद्धा भरला नाही. ग्रॉन्याने तो काचेच्या बरणीत भरला आणि बरणीवर नंबर घातला. ते सगळं तिने फार हळुवारपणे केलं. दुसरी कोणी असती तर चिडली असती, आणि सुमेधाला ते सोपं गेलं असतं.

सोमवारी ग्रॉन्याने तिला वर बोलावलं. बागेकडच्या खोलीत, चहा-केकच्या दुकानाशेजारी. बोलणं फार वेळ चाललं नाही. विश्वस्तांना कळवणं भाग होतं, ते तिने कळवलं होतं. त्यांनी समजून घेतलं होतं. फक्त, आता विम्याचा प्रश्न होता, आणि यापुढे पाण्याचं काम पगारी, प्रशिक्षित माणसानेच करायचं असं ठरलं होतं. त्यामुळे उद्या सुमेधाने उगाच मुलाखतीचा त्रास घेऊ नये. पण तिने संग्रहालय सोडून जाऊ नये, अशी ग्रॉन्याची मनापासून इच्छा होती. पुढच्या दाराजवळच्या टेबलावर माणूस हवंच होतं. येणाऱ्यांना नकाशा द्यायचा, कोट कुठे टांगायचे ते दाखवायचं. हसून स्वागत करणं तुझ्याइतकं कोणाला जमणार, असं ग्रॉन्या म्हणाली, आणि ते तिने खरोखरच चांगल्या अर्थाने म्हटलं.

सुमेधाने विचार करून सांगते म्हटलं. उठताना ग्रॉन्याला एक आठवलं. त्या बरणीसाठी नोंद लागेल. कुत्रा तू एकटीनेच पाहिलास, तर आठवणीने त्याचं एक चित्र काढून देशील का?

बस ॲडम्सटाउनला येईपर्यंत सुमेधा काचेबाहेर बघत होती. एकाला एक लागून सारखी घरं, सारखी दारं, प्रत्येक दारापुढे एकच पायरी. तिला वाटलं, यांच्या खाली कोणीच काही पुरलेलं नसणार. स्वतःच्या दारात आल्यावर तिने क्षणभर पायरीकडे पाहिलं, मग किल्ली लावली. राखाडी ब्लेझर जिन्याच्या कठड्यावर इस्त्री करून टांगलेला होता. तो तिने कपाटात आत सरकवला.

विवेकला तिने संध्याकाळी सांगितलं. त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं." त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "काय मिळालं सांगून? तो परत आला का?"

"नाही."

"मग?"

आपण बरोबर वागलो असं तिला वाटत नव्हतं, आणि न सांगता ती जागा मिळाली असती तर बरं झालं असतं असंही वाटत नव्हतं. दोन्हीकडून सगळं संपलेलंच दिसत होतं. विवेक उठला, त्याने चहा केला, तिच्यासमोर कप ठेवला आणि म्हणाला की फ्रंट डेस्क वाईट नाही, निदान माणसं भेटतील. तिने मान हलवली. त्यानंतर या घरात तो विषय कोणी काढणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. अशा विषयांसाठी त्यांच्याकडे आधीचीच एक जागा होती, जिथे प्रबंध ठेवलेला होता.

शनिवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर चित्र काढायला बसली. पोटमाळ्यावरच्या खोक्यातून प्रबंधासाठी काढलेली भांड्यांची चित्रं आणि जुनी काळी पेनं काढली, पेनांतलं एक अजून लिहीत होतं. आलेखाचा कागद पसरला. यामिनी समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती उठून आईच्या बाजूला आली आणि तिने इंग्रजीत विचारलं की या जुन्या भांड्यांच्या चित्रांत काही रेघा सलग आणि काही तुटक का असतात.

"जे हाताशी आहे ना, ते सलग रेघेने काढायचं," सुमेधा म्हणाली. "जे नाहीये, पण असं असावं असं आपल्याला वाटतं, ते ठिपक्यांनी."

यामिनीने कागदाकडे पाहिलं. मग त्या रात्री जेवताना ऐकलेलं तिला आठवलं.

"विच इअर वॉज इट, आई? द ब्रोकन वन? लेफ्ट ऑर राइट?"

सुमेधाने पेन टेकवलं. मग उचललं. तिने डोळे मिटले. पांढरा थर आठवला, वाकडी मान आठवली, शेपटीचं वळण आठवलं. मग तिने डावा तळवा उताणा करून टेबलावर धरला, कुत्रा त्यावर उभा होता तसा, आणि उजव्या हाताने हवेत त्याच्या डोक्याशी चाचपलं. काल-परवापर्यंत तो कान तिला इतका नीट दिसत होता की तो आठवून ठेवायचा असतो असं तिच्या मनातही आलं नव्हतं. त्याचं तोंड अंगठ्याकडे होतं की मनगटाकडे? बोटांना काही आठवत असतं, पण बोटांवर हातमोजे होते.

"आई?"

"थांब जरा."

यामिनी थांबली. बाहेर कोणीतरी गवत कापण्याचं मशीन सुरू केलं आणि बंद केलं. सुमेधाने पुन्हा डोळे मिटले. या वेळी तिला कॅम्पवरचा बाळू दिसला, खापरांच्या चौकोनात पाय पसरून झोपलेला, दोन्ही कान पडलेले. त्याच्यामागे दुसरा उभा असल्यासारखा वाटला, पण तो तिच्याकडे वळेना.

जगात ते फक्त तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

ती रडली नाही. यामिनीने खांद्यावर हनुवटी टेकवली, ती तिने टेकवू दिली, आणि कामाला लागली. पाठ काढली. छाती, पाय, वळलेलं शेपूट. मान थोडी वाकडी ठेवली. घाई न करता, सर शिकवायचे तशी, प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये सारखं अंतर सोडत. शेवटी डोक्याशी आल्यावर तिने दोन्ही कान काढले, दोन्ही ताठ. मग चारी बाजूंनी निरखून पाहिलं. सबंध कुत्रा ठिपक्यांचा होता.

खाली, कोपऱ्यात, तिने मापाची छोटी पट्टी आखली. कागदावर तेवढीच एक रेघ सलग होती.